गावात माहिती केंद्र काढताय? मग कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी घ्या

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात, कोणी घाटंजी साईडचा, कोणी आर्णी-दारव्ह्याचा, एखादा वाशीमकडचा. विषय एकच. "भाऊ, गावात माहिती केंद्र काढाचं हाये, कोनता कॉम्प्युटर घेऊ?" आणि गाडी तिथंच घसरते.

आमच्या गावानं पण हेच केलं होतं. दोन कॉम्प्युटर आले, प्रिंटर आला, फीत कापली, फोटो निघाले आणि खोलीची चावी एकाच्या खिशात गेली. पुढच्या पावसाळ्यात उंदरानं वायर कुरतडली, बॅटरी बसली, त्यानंतर त्या टेबलावर बारदाना ठेवायला लागले. आणि मधल्या काळात झालं काय, तर ज्याला माहिती आधीपासून लवकर मिळायची त्याला अजून लवकर मिळायला लागली, आणि तांड्यावर, कोलामाच्या पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) पोचत नव्हती ती तशीच राहिली. म्हणून खाली जो क्रम देतोय तो उलटा वाटला तरी तसाच पाळा.

टप्पा १: आधी उशीर मोजा

एका वर्षी अतिवृष्टीत नाल्याकाठची वावरं पाण्याखाली गेली. तेव्हा पीकविम्यात असं स्थानिक नुकसान झालं की ७२ तासाच्या आत कळवावं लागायचं, १४४४७ वर फोन करून नाहीतर ॲपवर टाकून (महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून ही सोय काढली). गावठाणातल्या लोकांना त्याच दिवशी दुपारी ग्रुपवर मेसेज आला, त्यांनी कळवून टाकलं. पोडावर ही गोष्ट पाचव्या दिवशी कळली, तीही बाजाराच्या दिवशी. नुकसान सारखं, विमा सारखा, फरक फक्त कळण्याचा.

हा फरक मोजल्याशिवाय केंद्र काढू नका. करायचं असं:

१. मागच्या सहा महिन्यातल्या तीन गोष्टी निवडा ज्यांना शेवटची तारीख होती. उदाहरणार्थ रेशन कार्डाची ई-केवायसी, ई-पीक पाहणी, ग्रामसभेची नोटीस.

२. तीस घरं निवडा. दहा गावठाणातली, दहा तांड्यावरची, दहा पोडावरची किंवा गावाबाहेरच्या वस्तीतली. निम्म्या घरात बाईशीच बोलायचं, नवरा समोर बसून उत्तरं देत असेल तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.

३. रजिस्टरमध्ये तीनच रकाने ठेवा: कधी कळलं, कोणाकडून कळलं, तोवर मुदत होती का.

वेळ सांभाळा. निंदणाच्या दिवसात आणि कापूस वेचणीत दिवसा घरी कोणीच सापडत नाही, आणि जे सापडतात ते म्हणजे ज्यांना वावरात जायची गरज नाही असे लोक. रात्री सातनंतर जा.

नेहमीची चूक म्हणजे "मोबाईल आहे का?" असं विचारणं. सगळेच हो म्हणतात. मोबाईल असतो, पण तो पोराच्या खिशात असतो आणि पोरगा कामाला पुण्याला असतो. विचारायचं असं की दिवसा मोबाईल कोणाजवळ राहतो, आणि रिचार्ज संपला की किती दिवस बंद राहतो. या दोन प्रश्नांनी जे कळतं ते शंभर फॉर्मनी कळत नाही.

सावधान: या रजिस्टरमध्ये आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर काहीही लिहू नका. लागतच नाही.

तपासा: रजिस्टर वाचून "सगळ्यात शेवटी कोणाला कळतं" याची पाच घरं तुम्हाला बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत. दाखवता येत नसतील तर तुम्ही ओळखीच्याच घरी फिरलात.

टप्पा २: माणसं आणि ठराव

समितीत सात जण पुरे. बचत गटातली एक, तांड्यावरचं एक, पोडावरचं एक, एखादे रिटायर झालेले गुरुजी, मोबाईलमध्ये हात चालणारं एक पोट्टं किंवा पोट्टी, आणि टप्पा १ मधल्या त्या शेवटच्या पाच घरातली दोन माणसं. हे शेवटचे दोघं लोक नेहमी गाळतात, कारण "त्याहीले काय समजते" म्हणून. अहो, माहिती कुठं अडते हे त्यांच्याइतकं कोणालाच समजत नाही.

आशाताई आणि अंगणवाडीताईंवर हे काम ढकलू नका. त्यांच्याकडं आधीच चार ॲप आहेत.

मग ग्रामसभा. नोटीस ७ दिवस आधी लागलेली पाहिजे, आणि मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा झाली पाहिजे, तिथं हा विषय आधी ठेवा. आमच्याकडं केंद्राची वेळ सकाळी अकरा ठरत होती, महिला सभेत बायांनी ती संध्याकाळी सहा ते आठ करून घेतली, नाहीतर केंद्र रिकामंच राहिलं असतं. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात असाल तर पोडाची किंवा पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा आहे का ते बघा, असेल तर ठराव तिथं पण वेगळा घ्या.

ठरावात चार गोष्टी यायलाच पाहिजेत: जागा कोणती, वेळ कोणती, चाव्या कोणाकोणाकडं (तिघांकडं, त्यातली एक बाई), आणि हिशोब दर ग्रामसभेत वाचायचा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या, नंतर प्रोसिडिंग सापडत नाही.

चूक: सरपंचाला अध्यक्ष करणं. सरपंच चांगला असला तरी नको. पाच वर्षानी निवडणूक होते, पॅनल बदलतं, आणि नवीन पॅनल म्हणतं हे त्याहीचं केंद्र आहे. मग कुलूप.

टप्पा ३: फळा

हो, फळाच. इंटरनेटच्या आधी फळा.

जागा ग्रामपंचायतीची भिंत नको. माणूस जिथं थांबतो तिथं लावा: रेशन दुकान, चक्की, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा. आमचा चक्कीजवळ आहे, कारण दळण होईस्तोवर माणूस उभाच राहतो. चार बाय सहा फूट, खालची कड जमिनीपासून तीन फुटावर, आणि अक्षर असं की दहा पावलावरून वाचता आलं पाहिजे. एका वेळी तीनच सूचना लिहायच्या. जास्त लिहिलं की कोणीच वाचत नाही.

प्रत्येक सूचनेत हेच आणि याच क्रमानं:

काय आहे. कोणासाठी आहे. शेवटची तारीख. कागद कोणते. सरकारी फी किती. गावात कोणाला विचारायचं. लिहिल्याची तारीख आणि पुसायची तारीख.

फीचा आकडा लिहायला बरेच जण कचरतात, कारण तालुक्याला सेंटरवाले जास्त घेतात आणि मग भांडण होतं. होऊ द्या. दहा रुपयाच्या कामाचे शंभर द्यावे लागतात ते फळ्यावर आकडा नसतो म्हणूनच.

सावधान: फ्लेक्स छापू नका. पहिलं म्हणजे त्यावर माहितीपेक्षा फोटो जास्त होतात. दुसरं म्हणजे तो तीन वर्षं तसाच लटकतो. आमच्याकडं एका म्हातारबाबानं बंद झालेल्या योजनेचा जुना फ्लेक्स बघून तालुक्याला दोन चकरा मारल्या, दोन रोज बुडाले आणि भाडं गेलं. शिळी माहिती ही माहिती नसण्यापेक्षा वाईट, म्हणून पुसायची तारीख.

तपासा: फळा पंधरा दिवस सलग चालला का? मध्ये खंड पडला असेल तर पुढं जाऊ नका, आधी कोण लिहिणार याची पाळी नीट लावा. फळा ज्याला सांभाळता येत नाही त्याला कॉम्प्युटर काय सांभाळणार.

टप्पा ४: माहिती आणायची कुठून

इथं लोक दोन टोकाला जातात, एकतर व्हॉट्सॲपवर आलेलं तसंच्या तसं फळ्यावर, नाहीतर पहिल्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि ग्रामसेवकाशी वैर. दोन्ही नको. क्रम असा ठेवा.

पहिलं, तोंडी मागा. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ असं सांगतं की प्रत्येक कार्यालयानं १७ बाबींची माहिती कोणी न मागता आपणहून जाहीर करायची, त्यात कामं, अधिकार, बजेट, लाभार्थ्यांची माहिती हे सगळं येतं. ग्रामपंचायत पण यात आली. ग्रामसेवकाला (आता पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) शांतपणे म्हणायचं की सर, ही यादी फळ्यावर लावायची आहे. निम्म्या वेळा मिळते.

दुसरं, मोबाईलवर बघा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. तिथला आकडा आणि प्रत्यक्ष रस्ता शेजारी ठेवून बघायला दहा मिनिटं लागतात.

तिसरं, मग अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखल्याची प्रत जोडा. ३० दिवसात उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, तेही जमलं नाही तर ९० दिवसात राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. आपल्याकडं विदर्भात आयोगाची खंडपीठं अमरावती आणि नागपूरला आहेत. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, हे कार्यालयात कोणी सांगत नाही.

अर्जातली चूक: "का केलं नाही?" असं विचारणं. का चं उत्तर देत नाहीत. कागद मागा. "अमुक कामाचं मोजमाप पुस्तक, बिल आणि ठरावाची प्रत" असं लिहा. आणि अर्ज एकट्याच्या नावानं टाकू नका, गाव लहान असतं, लोक डूख धरतात. पाच जणांनी पाच वेगवेगळे विषय वाटून घ्या.

आता फॉरवर्ड. "शासन निर्णय आला" म्हणून पीडीएफ फिरतं. त्याच्यावर १८ आकड्यांचा सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, दिवस. तो सांकेतांक शासन निर्णयांच्या सरकारी साईटवर टाकून बघा. सापडला नाही तर फळ्यावर नाही. आणि ज्याचा शेवट .apk असा असतो ती फाईल म्हणजे कागद नव्हे, ते ॲप असतं, पीएम किसानच्या नावानं येतं आणि खातं साफ करतं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन, उद्या करू म्हणू नका.

टप्पा ५: वाचून नाही, ऐकून कळतं

तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली), पोडावर कोलामी, मेळघाटात असाल तर कोरकू, गडचिरोलीकडं गोंडी-माडिया. सरकारी मराठी तर आपल्याला पण कळत नाही, "विहित नमुन्यात सादर करणेत यावे" हे वाचून कोणाला काय करायचं ते समजणार? त्यामुळं प्रत्येक सूचनेचं आधी साधं मराठी, मग त्या भाषेत बोलणं.

एक मिनिटाच्या आतला आवाज रेकॉर्ड करा. ज्याची ती भाषा आहे त्यानंच बोलायचं, मोबाईलवर भाषांतर करून वाचून दाखवायचं नाही, लोक हसतात आणि मुद्दा राहून जातो. दवंडीला हसू नका, कोतवालाची दवंडी अजून गावात सगळ्यात लांब पोचते, फक्त कोतवालाला चिठ्ठीवर चार ओळी लिहून द्या, नाहीतर तारीख चुकते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरी कोण जाणार हे पण ठरवून ठेवा, आमच्याकडं अशी तीन माणसं निघाली आणि त्यातल्या एकाबद्दल समितीत कोणालाच माहिती नव्हतं.

तपासा: सांगून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, सगळे मान हलवतात. म्हणा, "आता माय, हेच तू शेजारणीले कसं सांगशीन ते सांग." ती तारीख चुकली तर आपण सांगताना चुकलो.

टप्पा ६: व्हॉट्सॲप

आता कुठं मोबाईल. ग्रुपमध्ये १०२४ लोक मावतात, लहान गावाला पुरतं. पण सेटिंग आधी, माणसं नंतर: मेसेज फक्त ॲडमिनला टाकता आला पाहिजे. नाहीतर आठ दिवसात गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि पक्षाचे फोटो, मग लोक म्यूट करतात आणि कामाचा मेसेज पण म्यूटच होतो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून पोरींना आणि बायांना विचारल्याशिवाय ॲड करायचं नाही. नंबर दिसायला नको असेल तर चॅनल काढा. ब्रॉडकास्ट लिस्टच्या भरवशावर राहू नका, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज जातच नाही, आणि तुम्हाला वाटतं गेला.

चूक: "ग्रुपवर टाकलं होतं ना!" हे वाक्य. ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं असं नाही. फळा आणि आवाज चालूच ठेवायचे.

टप्पा ७: लोकांचे कागद

इथं घाई करू नका, कारण लोकांचा विश्वास एकदाच मिळतो. केंद्र चालायला लागलं की लोक आधार, पासबुक, सातबारा, पोरीचा दाखला सगळं आणून टेबलावर ठेवतात. आपलं काम कागद भरायला मदत करणं आहे, कागद साठवणं नाही.

जास्तीची झेरॉक्स परत द्या किंवा समोर फाडा. मोबाईलमध्ये फोटो काढला असेल तर काम झाल्यावर त्याच माणसासमोर डिलीट करा. चालत असेल तिथं मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओटीपी विचारायचा नाही, त्यानं स्वतः टाकायचा, त्याला वाचता येत नसेल तर त्याच्या घरचं माणूस बोलवा. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा लावायच्या आधी रक्कम मोठ्यानं वाचून दाखवा आणि पावती हातात द्या. "फिंगर नाही आलं, परत लावा" असं तीनदा झालं आणि तीनदा पैसे कटले, असं आमच्या बाजूच्या गावात झालंय.

लाभार्थ्यांची यादी फळ्यावर लावायची, पण नाव आणि रकमेपुरती. खाते नंबर, आजार, जातीचा दाखला असलं काही नाही. पारदर्शक म्हणजे कारभार पारदर्शक, माणूस नव्हे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. गावाची स्वतःची पण माहिती असते. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणतं जुनं बियाणं कोणाकडं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात यासाठी लोक जैवविविधता नोंदवही आहे. पण बाहेरून कोणी आला, व्हिडिओ काढतो म्हणाला, तर आधी त्या वैदूला आणि ग्रामसभेला विचारा. पोडावरच्या म्हाताऱ्याचं ज्ञान दुसऱ्याच्या चॅनलवर गेलं तर त्यातलं त्याला काहीच मिळत नाही.

टप्पा ८: आता घ्या मशीन

इथवर यायला आम्हाला आठ महिने लागले. आता फार लिहायची गरज नाही, कारण काय लागतं ते तुम्हालाच कळलेलं असेल.

एक जुना पण चालू लॅपटॉप, एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर. इंकजेट नको, चार दिवस वापरला नाही की शाई सुकते. लॅपटॉप यासाठी की लाईट गेली तरी दोन तास चालतो, आणि आपल्याकडं लाईट जातेच. नेट आधी तपासा: ग्रामपंचायतीत भारतनेटचा (सरकारी इंटरनेटचा) डबा आहे का, असेल तर चालू आहे का, नसेल तर कोणत्या सिमला त्या खोलीत रेंज येते. तीन सिम लावून तीन संध्याकाळी बघा, दुपारची रेंज आणि सातची रेंज वेगळी असते.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली फाईल दुसऱ्या मोबाईलवर उघडली की नुसता कचरा दिसतो, आणि पाच वर्षानी तो फॉन्टच नसला की सगळं दप्तर गेलं. लिब्रेऑफिस फुकट आहे, ते घ्या. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देणाऱ्याला नाही म्हणा, त्याच्यासोबत व्हायरस फुकट येतो. दर महिन्याच्या शेवटी सगळं एका पेनड्राईव्हवर, आणि तो पेनड्राईव्ह दुसऱ्या चावीवाल्याच्या घरी.

ई-पीक पाहणी, २०२५ पासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस विकायचं 'कपास किसान' ॲप, अशी कामं शेतकऱ्याच्या मोबाईलवरच होतात, केंद्रातून नाही. त्यासाठी हंगामाच्या आधी दोन संध्याकाळी शिकवा. पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच निघतो आणि धुऱ्यावर रेंज नसते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका एवढं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

बिघडलेली बॅटरी उकिरड्यावर नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नवीनवर पैसे कमी करतो, बिल करताना विचारा.

टप्पा ९: पैसा

देणगीवर सुरू करा हवं तर, पण देणगीवर चालवू नका. नेट, कागद, टोनर आणि संध्याकाळी बसणाऱ्या पोरीचं मानधन, हा खर्च महिन्याचा आहे, तो महिन्यालाच निघाला पाहिजे. प्रिंटला दर ठेवा, माहितीला दर नाही. कोणी दुकानदार, कंपनी, पुढारी पैसे देतो म्हणाला तर घ्या, पण फळ्यावर नाव नाही, ग्रुपचं ॲडमिनपण नाही. बियाण्याच्या दुकानदारानं लॅपटॉप दिला आणि त्याच हंगामात केंद्रातून त्याच्याच बॅगची शिफारस सुरू झाली, असं एक केंद्र मी बघितलंय.

शेवटचं काम: परत तीस घरं

वर्षानी टप्पा १ चं तेच रजिस्टर काढा, तीच तीस घरं, तेच तीन रकाने. समितीतल्या माणसानं आपल्या वस्तीत विचारायचं नाही, दुसऱ्याच्या वस्तीत.

आमच्या दुसऱ्या मोजणीत पोडावरचे पाच दिवस दीड दिवसावर आले होते. तांड्यावर पण बरं होतं. पण गावठाणातच, ग्रामपंचायतीच्या मागच्या गल्लीत, दोन घरी उशीर उलट वाढला होता, दोन्हीकडं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया. आधी शेजारच्या सांगायच्या, आता शेजारच्यांना वाटलं केंद्र सांगत असेल. त्या दोघींकडं आता दर सोमवारी चक्कीवरून परत येताना बचत गटातली एक जण जाते.